पडत्या काळात बुलेट खोलताना: कोकणातल्या नवख्यांसाठी

नोकरी सुटली, संसार मोडला, घरातलं माणूस गेलं, की पडवीत उभी असलेली जुनी गाडी खोलून आपल्या मनासारखी बांधावी असं अनेकांना वाटतं. वाटण्यात गैर काही नाही. घोटाळा होतो तो पहिल्याच आठवड्यात ग्राइंडर हातात घेतल्यावर. झोप धड नसते, घाई असते आणि चॅसी (गाडीचा सांगाडा) कापली जाते. म्हणून आधी कागद, मग जे खोलून पुन्हा जोडता येतं ते, आणि रंग व ब्रेक सगळ्यात शेवटी, असा क्रम ठेवा. कोकणातला पाऊस नाहीतरी हाच क्रम लावून देतो.

इथे जुनी कास्ट आयर्न इंजिनाची बुलेट ३५० गृहीत धरली आहे: ३४६ सीसी, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ७० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ९० मिमी. सुटे भाग अजून मिळतात आणि हात बसलेले मिस्त्री जिल्ह्यात आहेत. घरात हीच एक चालती गाडी असेल तर मात्र खोलू नका. कोर्टाच्या तारखा आणि दवाखान्याच्या खेपा याच दिवसांत असतात.

आरसी बुकावर नाव कोणाचं आहे ते आधी बघा. वडिलांच्या नावावर असेल आणि ते वारले असतील, तर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर करून घ्यायची. जोडीदाराच्या नावावर असेल आणि वेगळं होण्याची बोलणी चालू असतील, तर मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या होईपर्यंत गाडीत एक रुपया घालू नका. कर्जाचा बोजा राहिला असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ लागतो. नोंदणीला १५ वर्षं झाली असतील तर फॉर्म २५ भरून नूतनीकरण, तेही पाचच वर्षांचं.

कस्टम म्हणजे काय काय करता येतं, हेही आधीच कळलेलं बरं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचा तपशील बदलेल असा फेरफार चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच स्पष्ट केलं. कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. चॅसीचं सीटखालचं मागचं लूप कापून एकट्यापुरती सीट टाकायची हौस इथेच संपते. शिवाय नियम १२३ प्रमाणे मागे बसणाऱ्याला पकडायला हँडग्रिप, पायदान आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारा गार्ड असावाच लागतो. उरतो तो रंग (बदलला तर आरसीवर नोंद), सीटचं कापड, वायरिंग, आणि आतलं सगळं इंजिन. आमच्या मते एवढं काम एका माणसाला एक पावसाळा पुरून उरतं.

मे महिन्यात, आगोटीच्या आधी, गाडी खोला. खाऱ्या हवेत वर्षानुवर्षं उभ्या गाडीचे बोल्ट जाम झालेले असतात. डिझेल आणि एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) समप्रमाणात मिसळून दोन-तीन दिवस रोज त्यांच्यावर टाका. जोर लावून बोल्टचं डोकं तोडलंत तर पुढे ड्रिल आणि टॅपचा खर्च. इंजिन जाम असेल तर तेच मिश्रण प्लगच्या भोकातून ओतून आठवडाभर ठेवा, मग टॉप गियर टाकून मागचं चाक हाताने हलकेच पुढे-मागे करा. किकवर उभं राहू नका, किकच्या रॅचेटचे दात जातात. प्रत्येक भागाचे नटबोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीत चिठ्ठी, आणि खोलण्याआधी फोटो. मन थाऱ्यावर नसताना स्मरणशक्तीवर विसंबलात की पुढे तासन्‌तास शोधाशोध.

पावसात घरात बसून इंजिन आणि वायरिंग. झिजलेला सिलिंडर बोअर करायला (आतून कापून मोठा करायला) लेथवाल्याकडे जाताना नवा ओव्हरसाइज पिस्टन सोबत न्या. पिस्टन मोजूनच त्याने बोअर करायचा, छापील आकड्यावर नाही. पिस्टनची रिंग बोअरमध्ये सरळ बसवून तिच्या तोंडाची फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) बघा: साधारण ०.२५ ते ०.३० मिमी. कमी असेल तर तापल्यावर टोकं एकमेकांना भिडून रिंग तुटते. इग्निशनच्या काँटॅक्ट पॉइंटची फट ०.३५ ते ०.४० मिमी. भाग मागवायचे असतील तर गणपतीच्या निदान तीन आठवडे आधी मागवा. चाकरमान्यांच्या गाड्या यायला लागल्या की महामार्गावरच्या गॅरेजवाल्यांना मान वर करायला वेळ नसतो.

वायरिंग इथे सगळ्यात जास्त त्रास देतं. ६०/५५ वॉटचा दिवा १२ व्होल्टवर ५ अँपिअर ओढतो, त्याला १.५ चौ. मिमीची तांब्याची वायर, इंडिकेटरला ०.७५, मुख्य लाइनला २.५ आणि फ्यूज १५ अँपिअर. नुसतं पिळून टेप गुंडाळलेला जोड पुढच्या पावसापर्यंत हिरवा पडतो. डाग द्या (सोल्डर करा), वर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा, कनेक्टरमध्ये डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस भरा. रंगवलेल्या चॅसीवर अर्थिंग मिळत नाही. तेवढी जागा घासून उघडी करा आणि बोल्ट आवळल्यावर ग्रीस लावा.

बोल्ट घ्यायला मिरकरवाडा किंवा हर्णैसारख्या बंदराजवळचं बोटींच्या सामानाचं दुकान गाठा. ३१६ ग्रेडचं स्टेनलेस मागा. ३०४ खाऱ्या वाऱ्यात डागाळतं. अॅल्युमिनियमच्या केसिंगमध्ये स्टेनलेस घालताना अँटीसीझ (बोल्ट जाम होऊ न देणारी पेस्ट) हवंच, नाहीतर दोन धातूंच्या सान्निध्यात अॅल्युमिनियम कुजतं आणि बोल्ट कायमचा बसतो. अॅक्सल आणि इंजिन माउंटला मात्र कंपनीच्या ताकदीचेच हायटेन्साइल बोल्ट.

टाकी आतून गंजलेली असतेच. लिटरभर गरम पाण्यात १०० ग्रॅम सायट्रिक अॅसिड, रात्रभर; मग खायच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच वाळवा आणि पेट्रोल-ऑइल फिरवा. ओली टाकी तासाभरातच पुन्हा तांबूस होते.

रंग दिवाळीनंतर. पावसाळी हवेत पीयू (पॉलियुरेथेन) रंगाचं हार्डनर दमटपणाशी भिडतं आणि रंगात बारीक फुगे येतात; लॅकर दुधाळ पडतो. पत्रा घासल्यावर आधी गोड्या पाण्याने धुवा, कारण प्रायमरखाली राहिलेलं मीठ वर्षभरात फोड आणतं. इपॉक्सी प्रायमरचे दोन हात. चॅसी नंबरवर टेप लावायला विसरू नका: पुट्टी किंवा पावडर कोटिंगखाली नंबर बुजला तर आरटीओत पेन्सिलचा छाप उठत नाही, आणि मग गाडी चोरीची नाही हे पटवत बसा. पीयूला कार्बन काडतुसाचा मास्क लागतो, रुमाल चालत नाही.

ब्रेक शू, केबल, चाकाचे बेअरिंग हे सकाळी, झोप झालेली असताना करा आणि दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्या. रात्र रात्र झोपच लागत नसेल, जगणं नको वाटत असेल, तर १४४१६ या टेलि-मानसच्या फुकट नंबरवर मराठीत बोलता येतं. गाडी थांबली तरी चालते.

पहिले दहा किलोमीटर सपाट रस्त्यावर, मग सगळे बोल्ट पुन्हा आवळा. नव्या बोअरचे ५०० किमी ५० च्या खाली, वेग बदलत. तोवर आंबा घाट नको. त्यानंतर ऑइल बदला, हेडचे नट आवळा आणि टॅपेट (व्हॉल्व्हची फट) इंजिन पूर्ण थंड असताना बघा: पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणारी दांडी) बोटांनी सहज फिरावा, पण वर-खाली खेळ नसावा.