बायोडायनॅमिक पांढरी वाइन : या चुका टाळा

फ्रान्समध्ये ल्वार नदीच्या काठी, साव्हेनिएरच्या उतारांवर, शेनां ब्लां या एकाच जातीच्या द्राक्षांपासून पांढरी वाइन करणारी छोटी कुटुंबे आहेत. नाशिककडे शेनिन ब्लांक म्हणून घेतली जाते ती हीच जात. तेथील निकोला जोली यांनी सुमारे सात हेक्टरच्या ‘कुले द सेरां’ बागेत १९८०च्या दशकातच बायोडायनॅमिक पद्धत, म्हणजे रसायनांऐवजी शेण, वनस्पती व खनिजांच्या खास मिश्रणांवर चालणारी सेंद्रिय शेती, आणली. अशा लहान वाइनरीत जे बिघडते, त्याच्या मुळाशी बहुधा मोजमापाचा कंटाळा असतो.

सर्वांत महागात पडते ते अडकलेले किण्वन, म्हणजे यीस्टने साखरेचा मद्यार्क करण्याची क्रिया अर्ध्यावर थांबणे. येथे द्राक्षे उशिरा व पूर्ण पिकल्यावर, बागेत अनेक फेऱ्या घालून तोडतात. त्यामुळे रसात साखर भरपूर असते, मद्यार्क चौदा टक्क्यांच्या पुढे जातो, आणि रानटी यीस्ट लिटरमागे शेवटच्या वीस-तीस ग्रॅम साखरेपाशी दमते. त्यातच नोव्हेंबरची थंडी तळघरात शिरली, की काम थांबते. ‘निसर्ग आपले पाहून घेईल’ म्हणून वाट पाहिल्यास लॅक्टिक जिवाणू उरलेल्या साखरेवर ताव मारतात आणि वाइनला व्हिनेगरचा वास येऊ लागतो. म्हणून रसाची घनता (साखर संपत जाते तशी ती घटते) व तापमान यांची रोज नोंद ठेवावी. घनता सलग दोन-तीन दिवस हलली नाही, तर पीप १८ ते २० अंशांपर्यंत ऊबदार करून तळाचा गाळ हलकेच ढवळावा. तरीही हालचाल नसेल, तर दुसऱ्या पिपातील जोमात चाललेला रस घेऊन त्यात अडकलेली वाइन थोडी थोडी मिसळावी. उलट क्रम करू नये, कारण एकदम जास्त मद्यार्कात पडलेले यीस्ट तग धरत नाही. तोडणीच्या काही दिवस आधी थोडी निरोगी द्राक्षे चिरडून विरजण तयार ठेवणारे बहुधा या फेऱ्यातून सुटतात.

गंधकाबाबतही असेच आहे. ‘कमी गंधक म्हणजे शुद्ध वाइन’ हे समीकरण सामू (पीएच) न पाहता मांडले जाते. सामू ३.० असताना मुक्त सल्फर डायऑक्साइड (वाइन टिकवणारे गंधकाचे संयुग) लिटरला सुमारे १३ मिलिग्रॅम पुरतो, तर ३.४ असताना तेवढ्याच संरक्षणासाठी सुमारे ३२ मिलिग्रॅम लागतो. अर्धवट भरलेले पीप मात्र कोणत्याही सामूला धोक्याचेच. ते वरचेवर काठोकाठ भरावे, नाहीतर उरलेली वाइन लहान भांड्यांत काढावी.

बागेत शिंगखताने (गाईच्या शिंगात भरून पुरलेल्या शेणाच्या खताने) जमिनीची काळजी घेतली जाते, परंतु डाऊनी आणि भुरी हे बुरशीचे रोग त्याने थांबत नाहीत. डाऊनीसाठी फवारल्या जाणाऱ्या बोर्डो मिश्रणातील (मोरचूद व चुना) तांबे पानाच्या पृष्ठभागावरच काम करते, त्यामुळे ते पावसाआधी पडायला हवे. तेच तांबे मातीत साठत जाते, म्हणून युरोपीय संघात त्यावर सात वर्षांत हेक्टरी २८ किलोची मर्यादा आहे. शिंगखताचे पाणी तासभर घुसळल्यावर काही तासांतच वापरावे. उरलेले दुसऱ्या दिवसासाठी ठेवण्यात अर्थ नाही. सिलिकाची (बारीक दळलेल्या गारेच्या पाण्याची) फवारणी भर उन्हात केल्यास पाने करपण्याचा धोका असतो, म्हणून ती पहाटे उरकावी.

बाटलीच्या तळाशी दिसणारे स्फटिक टार्टारिक आम्लाच्या क्षारांचे असतात व निरुपद्रवी असतात. ग्राहकाला ते आधीच सांगावे. उष्णतेने येणारा धुरकटपणा मात्र प्रथिनांचा असतो, आणि त्याची चाचणी बाटल्या भरण्यापूर्वीच, नमुना गरम करून, घ्यावी.