किरकोळ धक्क्यानंतर क्लेम करण्याची घाई: या चुका टाळा

कोल्हापुरात वाहन विम्याच्या दाव्यांचे काम करताना गेल्या सोळा वर्षांत मी मोठे अपघात थोडे पाहिले आणि लहान धक्के असंख्य. मोठ्या अपघातात गाडी जागेवरून हलतच नाही, त्यामुळे टोइंग, सर्व्हेअर (विमा कंपनीसाठी नुकसान तपासणारा माणूस), कागदपत्रे हे सगळे क्रमाने होत जाते. लोकांचे पैसे बुडतात ते लहान धक्क्यांत. बंपर फुटतो, फेंडर चेपतो, हेडलाइटचा कान मोडतो. गाडी चालू असते म्हणून मालक त्याच दिवशी गॅरेज गाठतो आणि चार दिवसांनी बिल घेऊन माझ्याकडे येतो. त्या वेळी माझ्या हातात फारसे काही उरलेले नसते.

जागेवर मिटवणे आणि परस्पर गाडी उघडणे

या दोन चुका मी एकत्र घेतो, कारण त्या बहुधा एकाच माणसाकडून एका पाठोपाठ होतात.

तीन गळीत हंगामांपूर्वीची गोष्ट आहे. माझ्या परिचयाचे एक शिक्षक रात्री कसबा बावड्याच्या रस्त्याने घरी निघाले होते. उसाची रिकामी ट्रॉली मागे घेताना तिचा मागचा कोपरा त्यांच्या गाडीच्या बंपरवर आला. ट्रॅक्टरचालक खाली उतरला आणि म्हणाला, "सर, गरिबाला कुठं पोलिसात ओढताय, हे घ्या, मिटवूया की." सरांनी मोबाइलच्या उजेडात पाहिले, बंपरला एक भेग आणि थोडे खरचटलेले दिसले, आणि दोन हजार रुपये घेऊन ते घरी आले. त्यांनी फोटो काढला नाही आणि ट्रॅक्टरचा क्रमांकही लिहून घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी उद्यमनगरातल्या गॅरेजमध्ये बंपर उतरवल्यावर त्याच्या आतली आडवी पट्टी वाकलेली, एसीचा कंडेन्सर दबलेला आणि गॅस गेलेला आढळला. रविवारी घरचे लग्न होते, म्हणून सरांनी "लगेच बदलून टाका" असे सांगितले. चौथ्या दिवशी ३४,००० रुपयांचे बिल घेऊन ते माझ्याकडे आले आणि "दादा, पॉलिसी चालू आहे, क्लेम करून द्या" म्हणाले. सर्व्हेअरने पहिलाच प्रश्न विचारला तो जुन्या कंडेन्सरचा. तो तोपर्यंत भंगारात गेला होता. अपघाताचा फोटो नाही, मोडलेला भाग नाही, कळवण्यास चार दिवस उशीर. अशा स्थितीत नवा कंडेन्सर याच अपघातामुळे बसवावा लागला हे कशाच्या आधारावर मान्य करायचे? बंपर आणि रंगकाम तेवढे मंजूर झाले, बाकीचे पैसे सरांच्या खिशातून गेले. सर्व्हेअरचा मला तेव्हा राग आला नाही आणि आजही येत नाही. गॅरेजवाल्यानेही सांगितले तेच केले होते.

बंपर प्लास्टिकचा असतो. धक्का बसला की तो आत जातो आणि पुन्हा बाहेर येतो, पण त्याच्यामागचा पत्रा वाकलेला तसाच राहतो. म्हणून रस्त्यावर उभे राहून बाहेरून नुकसानीचा आकडा काढणे कोणालाच शक्य नाही. वीस वर्षे पत्र्याचे काम केलेल्या कारागिरालाही नाही. माझी स्वतःची सवय अशी आहे: आधी लांबून असा फोटो काढायचा की दोन्ही गाड्या, त्यांचे क्रमांक आणि रस्ता एका चौकटीत येतील, मग जवळून तीन-चार फोटो, मग समोरच्याचे लायसन्स आणि पॉलिसी यांचा एकेक फोटो. ताराराणी चौकासारख्या वर्दळीच्या जागीही याला दोन मिनिटांहून जास्त लागत नाहीत, आणि त्यानंतरच गाडी बाजूला घ्यायची. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवायचे आणि क्लेम क्रमांक घ्यायचा. सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत गाडीचा एक स्क्रूही काढू द्यायचा नाही. बंपर उतरवल्यावर आणखी नुकसान दिसले, तर काम तिथेच थांबवून त्याला पुन्हा बोलवायचे किंवा त्याच्या सांगण्याप्रमाणे फोटो पाठवायचे.

चूक आपली असेल तरीही जागेवर "सगळा खर्च मी देतो" असे बोलू नये आणि लिहून तर मुळीच देऊ नये. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय असा कबुलीजबाब किंवा आश्वासन देऊ नये, अशी अट पॉलिसीतच असते. कोणाला इजा झाली असेल तर तो किरकोळ अपघात राहत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १३४ नुसार जखमीला उपचार मिळवून देणे आणि पोलिसांना कळवणे हे चालकाचे कर्तव्य आहे, आणि तिथे मिटवामिटवीचा विचारही मनात आणू नये.

क्लेम करण्याआधी हिशेब न मांडणे

"पॉलिसी आहे तर वापरायची नाही का?" हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी ऐकावा लागतो. वापरावी, पण कागदावर बेरीज-वजाबाकी करून वापरावी.

समजा गाडी साडेचार वर्षांची आहे, पॉलिसी साधी कॉम्प्रिहेन्सिव्ह, म्हणजे स्वतःच्या गाडीचे आणि समोरच्याचे असे दोन्ही नुकसान धरणारी आहे आणि एस्टिमेट १८,००० रुपयांचे आहे: बंपर ६,०००, फेंडर ३,०००, मजुरी ३,००० आणि रंगकाम ६,०००. प्लास्टिक, रबर आणि नायलॉनच्या भागांवर ५० टक्के घसारा, म्हणजे वापरामुळे उतरलेली किंमत, कापला जातो, म्हणून बंपरचे ३,००० मिळतात. धातूच्या भागांचा घसारा गाडीच्या वयावर ठरतो. पहिले सहा महिने तो शून्य असतो, चार ते पाच वर्षांच्या गाडीला ३५ टक्के होतो, म्हणून फेंडरचे १,९५० मिळतात. रंगकामाच्या एकत्रित बिलातील २५ टक्के रक्कम साहित्याची धरून तिचा निम्मा भाग कापतात, म्हणजे ५,२५० मिळतात. मजुरी पूर्ण मिळते. एकूण १३,२०० रुपये झाले. त्यातून १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीसाठी असलेली १,००० रुपयांची अनिवार्य वजावट, जिला गॅरेजमध्ये 'फाइल चार्ज' म्हणतात, काढली की १२,२०० रुपये उरतात.

आता दुसरी बाजू पाहा. या गाडीवर आजवर एकही क्लेम नसेल, तर पुढच्या नूतनीकरणाला ५० टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात सूट, मिळणार होता. एक क्लेम केला की तो शून्यावर येतो आणि पुढे २०, २५, ३५, ४५ अशा पायऱ्या पुन्हा चढाव्या लागतात. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता, म्हणजे 'ओन डॅमेज', बोनसपूर्वी १०,००० रुपये असेल, तर पाच वर्षांत अनुक्रमे ५,०००, ३,०००, २,५००, १,५०० आणि ५०० रुपये जास्त भरावे लागतील. एकूण १२,५०० रुपये. गाडीची विमा किंमत दरवर्षी उतरत असल्याने प्रत्यक्ष आकडा थोडा बदलेल, पण १२,२०० रुपये मिळवण्यासाठी जवळजवळ तेवढेच परत द्यायचे, ही गोष्ट बदलत नाही. हीच पॉलिसी झीरो डेप, म्हणजे घसारा न कापणारी असती तर १७,००० रुपये मिळाले असते आणि मी स्वतः क्लेम करायला सांगितले असते. गाडी लवकरच विकायची आहे म्हणून बोनसची पर्वा न करणारेही भेटतात. बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो आणि तो नव्या गाडीवर नेता येतो, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

वीस हजारांच्या आतले काम असेल तर मी आधी उद्यमनगरात दुसरे एस्टिमेट घ्यायला लावतो. तिथल्या जुन्या कारागिरांच्या हाताला पत्रा ऐकतो. शोरूमच्या यादीत 'बदलणे' असे लिहिलेले पुष्कळ भाग तिथे ठोकून आणि जोडून सरळ होतात, आणि मग क्लेमचा प्रश्नच उरत नाही.

गळती असताना गाडी घरापर्यंत आणणे

शिरोली फाट्यावर पुढून धक्का बसलेली एक गाडी मालकाने "दहा मिनिटांचा तर रस्ता आहे" म्हणून राजारामपुरीपर्यंत चालवत आणली. रेडिएटर फुटलेला होता, इंजिन तापले आणि हेड गॅस्केट (इंजिनच्या दोन भागांमधले सील) गेले. दुरुस्तीपूर्वी गाडी चालवल्याने वाढलेले नुकसान मालकाच्या जोखमीवर, असे पॉलिसीच्या अटींत स्पष्ट असते, त्यामुळे इंजिनचा खर्च नाकारला गेला. कारच्या टोइंगसाठी मूळ पॉलिसीत १,५०० रुपयांपर्यंत तरतूद असते. गाडीखाली थेंब दिसला तर किल्ली फिरवू नका.

बाकीच्या चुका

मुलगा किंवा भाचा गाडी चालवत होता आणि त्याचे लायसन्स नव्हते, म्हणून क्लेम फॉर्मवर स्वतःचे नाव लिहिणे ही सरळ फसवणूक आहे. असा फॉर्म घेऊन आलेल्या माणसाचे काम मी करत नाही.

महाद्वार रोडवर पार्किंगमध्ये पडलेले जुने ओरखडे नव्या क्लेममध्ये घुसवू नका. गंज आणि धूळ पाहून सर्व्हेअरला ते लगेच कळते आणि मग खऱ्या नुकसानीकडेही तो संशयाने पाहू लागतो.

पुण्याहून एमएच १२ ची वापरलेली गाडी आणली, आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) नावावर केली आणि पॉलिसी मात्र जुन्याच मालकाच्या नावावर राहिली, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा फेटाळला जाऊ शकतो. हस्तांतरणापासून १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करा. बाहेरून बसवलेल्या सीएनजी किटचीही आरसी आणि पॉलिसी दोन्हींवर नोंद हवी.

केवळ थर्ड पार्टी, म्हणजे फक्त समोरच्याचे नुकसान भरणारी पॉलिसी असेल तर तिच्यातून स्वतःच्या गाडीचा एक रुपयाही मिळत नाही. समोरच्याच्या विम्यातून भरपाई मागायची तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जावे लागते, आणि एका बंपरसाठी तो मार्ग परवडत नाही.

कंपनीने दावा नाकारला किंवा कमी रक्कम दिली तर फोनवर भांडत बसू नका. लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर पुण्याच्या विमा लोकपाल (विमा तक्रारींचा निवाडा करणारा अधिकारी) कार्यालयात एका वर्षाच्या आत अर्ज करता येतो. त्याला शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही.

कॅशलेस, म्हणजे कंपनी गॅरेजला थेट पैसे देते असे असले तरी गाडी ताब्यात घेताना समाधानपत्रावर सही घेतात, आणि बहुतेक जण ती चालता चालता करतात. मी गाडी संध्याकाळी कधीच घेत नाही. सकाळी उन्हात उभी करून नव्या रंगाची छटा शेजारच्या दरवाज्याशी जुळते का, बॉनेटच्या दोन्ही बाजूंची फट सारखी आहे का, एसी आणि दोन्ही हेडलाइट चालतात का, हे पाहतो. बिलात 'बदलला' म्हणून लिहिलेला प्रत्येक भाग नवा आहे याची खात्री झाल्यावरच सही करतो.