चॅसिस घेण्याआधी दहाची नोट

लांब पल्ल्याच्या टार्गेट रायफलचा नेम सरकायला लागला की महागड्या ॲल्युमिनियम चॅसिसकडे, म्हणजे दस्त्याऐवजी बसवायच्या धातूच्या सांगाड्याकडे, डोळे वळतात. आधी आहे तो लाकडी दस्ता (नळी आणि ॲक्शन ज्यात बसतात ते लाकूड) तपासा.

१. रायफल रिकामी आहे याची खात्री करा, बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता दांडा) काढा. दहाची नोट नळी आणि दस्त्याच्या फटीत घालून ॲक्शनपर्यंत, म्हणजे बोल्ट बसतो त्या नळीमागच्या भागापर्यंत, मागे सरकवा. अडकली, तर तिथे लाकूड नळीला टेकतंय. पावसाळ्यात लाकूड फुगून असं होतं. तेवढा भाग गनस्मिथकडून घासून घ्या.

२. डोळे मिटून गाल टेकवा, मग उघडा. दुर्बिणीत पूर्ण गोल दिसत नसेल तर गालाची उंची चुकतेय. त्यासाठी गालपट्टी वर-खाली होणारा दस्ताही पुरतो.

दोन्ही ठीक असूनही नेम हलतोय? मग चॅसिस बघा. मात्र ॲक्शनचे स्क्रू अंदाजाने आवळू नका. कंपनीने दिलेला टॉर्कच (आवळण्याचा जोर) लावा.