सतलजच्या काठाने ताबोपर्यंत : नाशिकहून निघणाऱ्यांसाठी एका सांस्कृतिक सहलीची आखणी

हिमालयात जाऊन आलेल्या मंडळींकडून बहुधा बर्फाची, थंडीची आणि दरडींचीच वर्णने ऐकायला मिळतात. त्या खोऱ्यांत राहणारी माणसे, त्यांची देवळे आणि गोंपा, म्हणजे बौद्ध मठ, यांच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. ज्यांना हे पाहायचे आहे आणि ज्यांच्या हाती जेमतेम दोन आठवड्यांची रजा आहे, त्यांनी हिमाचल प्रदेशातील सतलजचा एकच रस्ता धरावा, सराहन, सांगला आणि कल्पा करत स्पिती खोऱ्यातील ताबो गावापर्यंत जावे व त्याच रस्त्याने परत यावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. पुढे काझा, कुंझूम खिंड आणि मनाली जोडून फेरी पूर्ण करण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु त्यात दिवसचे दिवस गाडीत जातात आणि कोणत्याही गावात निवांत बसणे होत नाही.

सहलीची तयारी घरापासूनच करावी. मुंबई–आग्रा महामार्गालगतची पांडवलेणी, म्हणजे त्रिरश्मी डोंगरावरील बौद्ध लेणी, आपण लहानपणापासून पाहत आलेलो असतो. निघण्यापूर्वी एका सकाळी ती पुन्हा लक्षपूर्वक पाहावीत. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिचा शिलालेख आहे. विहार कोणी, कोणासाठी आणि कोणत्या राजाच्या काळात दिला, हे तेथे दगडात कोरलेले आहे. अशी दानाची नोंद एकदा नजरेखालून गेली, की ताबोच्या बौद्ध विहारातील भिंतीवरच्या लेखाचे महत्त्व आपोआप कळते. अजिंठा पाहिलेला असल्यास उत्तमच, कारण ताबोला हिमालयातील अजिंठा म्हणण्याचा प्रघात आहे आणि ती तुलना कोठवर पटते हे स्वतःच ठरवता येते.

काळ निवडताना केवळ थंडीचा विचार करू नये. स्पिती हा पर्जन्यछायेचा प्रदेश असला, तरी तिकडे नेणारा किन्नौर जिल्ह्यातील रस्ता जुलै-ऑगस्टमध्ये दरडींमुळे वारंवार बंद पडतो. म्हणून मुलांच्या शाळेची सुट्टी सांभाळायची असेल तर मेचा उत्तरार्ध, आणि तशी अडचण नसेल तर सप्टेंबरचा मध्य ते ऑक्टोबरचा मध्य हा काळ घ्यावा. माझी पसंती सप्टेंबरला आहे, कारण त्या सुमारास किन्नौरमधील झाडे सफरचंदांनी लगडलेली असतात आणि काही गावांत फुलैच हा फुलांचा उत्सवही असतो.

नाशिक रोडहून मंगला एक्सप्रेस किंवा पंजाब मेलने दिल्ली गाठता येते. आरक्षण मात्र खिडकी उघडताच करावे. दिल्लीहून रातोरात बसने शिमल्याला जाता येते, परंतु आगगाडीने कालक्यापर्यंत जाऊन तेथून छोटी गाडी धरणे अधिक आनंदाचे आहे. 1903 साली सुरू झालेला हा सुमारे 96 किलोमीटरचा अरुंद मार्ग 2008 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. शिमल्यापासून पुढे हिमाचल परिवहनच्या बस आहेत. चार-पाच जण असल्यास स्थानिक चालकाची गाडी ठरवावी. त्याला रस्ता कोठे खचतो हे ठाऊक असते, आणि गावांत ओळखीही असतात.

पहिला मुक्काम सराहनला करावा. तेथील भीमाकाली मंदिर काठकुणी पद्धतीचे आहे. त्याच्या भिंतीजवळ उभे राहून नीट पाहावे : देवदाराच्या जाड तुळयांचा एक थर, त्यावर घडीव दगडांचा एक थर, पुन्हा तुळया, आणि कोपऱ्यावर त्या तुळया एकमेकींत अडकवलेल्या. दगडांत चुना वा माती भरलेली नसल्याने भूकंपात अशी भिंत थोडी हलते, पण सहसा कोसळत नाही. मंदिरात डोके झाकून जावे लागते आणि चामड्याच्या वस्तू बाहेर ठेवाव्या लागतात. सांगला खोऱ्यातील कामरू किल्ल्यात तर टोपीबरोबर कमरेला पट्टाही बांधावा लागतो. हे नियम मनापासून पाळावेत, कारण या भागात देवता गावाचा कारभार पाहणारी आहे. तिची पालखी निघते आणि तिचा कौल घेऊन गावचे निर्णय होतात.

करछम येथे बास्पा नदी सतलजला मिळते. तेथून वळून सांगला आणि छितकूल करता येते. एक दिवस पुरतो. कल्पाला मात्र दोन रात्री राहावे, कारण समोर सहा हजार मीटरहून उंच असलेला किन्नर कैलास दिसतो, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे शरीराला उंचीची सवय होते. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटरवर आहे, तर कल्पा तीन हजारांच्या जवळपास. मनालीकडून एका दिवसात साडेचार हजार मीटरची खिंड ओलांडणाऱ्यांना जो त्रास होतो, तो या चढत्या टप्प्यांमुळे बराच टळतो. तरीही डोकेदुखी, मळमळ किंवा चालताना तोल जाणे जाणवल्यास पुढे न जाता थांबावे आणि त्रास वाढल्यास खाली उतरावे. उंचीवरील त्रासाची औषधे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारूनच घ्यावीत.

कल्पाच्या पुढे हिरवाई मागे पडते. खाबला स्पिती नदी सतलजला मिळते, रस्ता नाकोकडे चढतो आणि देवळांची जागा गोंपा, छोर्तेन (तिबेटी धाटणीचे स्तूप) व मंत्र कोरलेल्या दगडांच्या मणी भिंती घेतात. ही भिंत किंवा छोर्तेन नेहमी आपल्या उजव्या हाताला ठेवून पुढे जावे.

ताबोला दोन रात्री द्याव्यात. माझ्या मते साऱ्या सहलीचे सार्थक येथेच होते. पश्चिम तिबेटातील गुगे राज्याच्या येशे-ओ या राजाने 996 साली हा विहार स्थापन केला आणि 46 वर्षांनी त्याच्या वंशातील जांगचुब-ओ याने त्याचा जीर्णोद्धार केला, हे मंदिरातीलच लेखावरून कळते. बाहेरून पाहिल्यास मातीच्या बसक्या इमारतींखेरीज काही दिसत नाही, त्यामुळे घाईतले प्रवासी पाऊण तासात निघून जातात. आत सभामंडपात शिरल्यावर डोळे अंधाराला सरावेपर्यंत स्वस्थ उभे राहावे. मग भिंतींवर माणसाच्या डोक्याहून उंच बसवलेल्या मातीच्या रंगीत मूर्ती एकेक करून दिसू लागतात, मधोमध चार दिशांना तोंडे केलेला वैरोचन बुद्ध दिसतो, आणि मूर्तींच्या खालच्या पट्ट्यात एका बाजूला सुधन या तरुणाची गुरूंच्या शोधातील यात्रा तर दुसऱ्या बाजूला बुद्धचरित्र रंगवलेले आढळते. सुधनाच्या भिंतीपासून आरंभ करून उजवीकडे सरकत चित्रे पाहिली, तर कथा क्रमाने लागते. छायाचित्रणाला बंदी आहे, भिंतीला हात लावू नये, आणि विजेरी लावण्यापूर्वी लामांची परवानगी घ्यावी. पहाटेच्या प्रार्थनेला बसता येते का, तेही आदल्या संध्याकाळी विचारावे. 1975 च्या भूकंपात विहाराची हानी झाली आणि त्यानंतर शेजारी नवे सभागृह बांधले गेले. प्रार्थना बहुधा तेथे होते. दुपारी गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या, भिक्खूंनी वापरलेल्या गुहांपर्यंत चढून जावे. त्रिरश्मीची आठवण येतेच.

कल्पाच्या खालच्या अंगाला असलेल्या रेकाँग पिओ या गावानंतर ताबोपर्यंत एटीएमवर विसंबू नये, रोख रक्कम पिओलाच काढून घ्यावी. भारतीयांना परवाना लागत नाही, परंतु ओळखपत्र जवळ असावे. जेवणात डाळ-भात, राजमा आणि थुक्पा, म्हणजे शेवयांचे तिबेटी सूप, मिळतो. सोबत थोडा चिवडा आणि खजूर ठेवावा. परतताना पिओच्या बाजारात चिलगोजा, म्हणजे तिकडच्या पाइनच्या खाण्याच्या बिया, घ्यावा, आणि रस्ता अडल्यास उपयोगी पडावा म्हणून शिमला ते दिल्लीच्या टप्प्याआधी एक दिवस मोकळा ठेवूनच नाशिक रोडचे परतीचे तिकीट काढावे.