पट्टा आधी कापा: चामड्याची खांद्याची बॅग शिवण्याची तयारी

चामड्याची खांद्याला लावायची बॅग हाताने शिवायचं मनात असेल, तर सगळ्यात आधी पट्ट्याचं बघा. खिसे किती, झाकण कसं, बक्कल पितळी की काळं, हे मागाहून. पट्टा कातड्याच्या कुठल्या भागातून आणि कुठल्या दिशेने निघणार हे ठरत नाही तोवर रापी, म्हणजे चामडं कापायची सुरी, हातात घ्यायची नाही. मागच्या वेळी मी बाकीचे सगळे तुकडे आधी कापून घेतले आणि पट्टा उरलेल्या कडेतून काढला. ती कड पोटाची होती. रोज लॅपटॉप आणि डबा घेऊन फिरता फिरता पट्टा ताणत गेला आणि बॅग कमरेवरून मांडीवर आली. बक्कलची भोकं लांबट झाली. एक टाका उसवला नव्हता, कडाही सुरेख झाल्या होत्या, तरी बॅग बाद.

कारण समजून घ्या, म्हणजे विसरणार नाही. कण्याच्या दोन्ही बाजूंना, पाठीवर आणि कमरेमागच्या भागाकडे, कातड्यातले तंतू दाट आणि घट्ट गुंतलेले असतात. पोटाकडे आणि पायांच्या सांध्यांपाशी ते सैल असतात, कारण जनावर जिवंत असताना तिथली कातडी सतत ताणली जाते आणि आकसते. कमावल्यावरही हा फरक जात नाही. शिवाय पाठीतल्या तुकड्यालाही दिशा असते. कण्याला समांतर ओढलं तर तो कमी ताणतो, आडवं ओढलं तर जास्त. म्हणून पट्टा पाठीतून आणि कण्याला समांतर. एवढी ओळ कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून समोर चिकटवा. तुकडा कुठला आहे याबद्दल दुकानदार काय सांगतो त्यावर जाऊ नका. दोन्ही हातांनी धरून आधी एका दिशेने, मग दुसऱ्या दिशेने जोर लावून ओढा, बोटांना लगेच कळतं.

आता माप. बॅगेत रोज काय जाणार ते टेबलावर मांडा आणि त्यावरून माप काढा. चित्रात आवडलेली बॅग तशीच उतरवली की डबा मावत नाही हे शेवटच्या टाक्याला कळतं. १४ इंची लॅपटॉप, डबा, बाटली आणि छत्री न्यायची असेल तर साधारण ३६ सेंमी रुंद, २७ सेंमी उंच आणि ८ सेंमी जाडीची बॅग पुरते. हे माप आतलं धरा, शिवणीची कड त्यात मोजू नका. मग पुठ्ठ्याची बॅग करा. खरोखर करा, नुसतं चित्र काढून थांबू नका. चिकटपट्टीने जोडा, सामान भरा, पट्ट्याच्या जागी नाडी बांधा आणि खांद्याला लावून जिना उतरा, खुर्चीत बसा, चपला घाला. पट्ट्याची लांबी इथेच ठरते. छातीवरून आडवी लावणार असाल तर मध्यम उंचीच्या माणसाला एका कडीपासून (पट्टा अडकवायचं धातूचं कडं) दुसऱ्या कडीपर्यंत १२० ते १३० सेंमी लागतात, दोन्ही टोकांची दुमड त्याहून वेगळी. खालचे कोपरे गोल ठेवा आणि गोलाई तीन-चार सेंमी त्रिज्येची तरी असू द्या. त्याहून टोकदार कोपऱ्यात बाजूची पट्टी, म्हणजे पुढचा आणि मागचा भाग जोडणारी, सुरकुतते.

चामडं किती घ्यायचं? पुढचा भाग, मागचा भाग, झाकण, आठ सेंमी आणि वर शिवणीची कड एवढ्या रुंदीची बाजूची पट्टी, आतला एक खिसा आणि पट्टा मिळून सुमारे साडेपाच चौरस फूट होतात. वाया जाणारं धरून सात घ्या. पण फुटांचा हिशेब इथे फसवतो. सात चौरस फूट पोटाकडच्या तुकड्यांतही भरतात आणि ते स्वस्त पडतात, पण त्यातून पट्टा निघत नाही. आधी लांबी मागा, फूट नंतर. कण्याच्या बाजूला सलग दीड मीटर सरळ कड आहे का, एवढंच विचारा. नसेल तर पट्टा दोन भागांत करा, एक लांब, एक बक्कलचा छोटा, आणि छोटा भागही पाठीतूनच घ्या. छोटा आहे म्हणून कुठलाही चालेल असं अजिबात नाही, कारण ओझं दोन्हींवर सारखंच येतं.

मुंबईत धारावीत चामड्याची दुकानं आहेत, तिथे अर्धं कातडं उलगडून बघायला मिळतं. तेच बघा. गुंडाळी उलगडल्याशिवाय पैसे देऊ नका. महाराष्ट्रात २०१५ पासून गायींबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे जाड कातडं मागितलं की समोर बहुतेक म्हशीचंच येतं. ते भरभक्कम असतं, पृष्ठभाग जरा खरबरीत, आणि बॅगेला उत्तम. गोचिडाचे डाग, जुने ओरखडे, डागणीची खूण यांना घाबरू नका, मागच्या भागावर किंवा आत जाऊ द्या. फक्त पट्ट्याच्या ओळीत एकही व्रण नको, ओझ्याने पट्टा तिथूनच चिरतो.

क्रोमचं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं, की झाडाच्या सालीवर कमावलेलं? माझं मत ठाम आहे, पहिल्या बॅगेला सालीचंच घ्या. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, त्याच जातीचं. ते उभं राहतं, आकार धरतं, कडा घासून चकचकीत होतात. क्रोमचं मऊ असतं, पाण्याला जास्त टिकतं, पण कडा घासून बसत नाहीत, त्यांना रंगाचे थर द्यावे लागतात आणि ते काम नवख्याच्या हातून नीट होत नाही. ओळखायचं कसं, तर कापलेली कड बघा. क्रोमची आतून बहुधा निळसर राखाडी दिसते, सालीची तपकिरी. जाडी मुख्य तुकड्यांना दोन ते सव्वादोन मिमी, बाजूच्या पट्टीला दीडच्या आसपास, आणि खांद्याच्या पट्ट्याला तीन ते साडेतीन. एकाच जाडीचं घेऊन भागवायचं असेल तर पट्टा दुहेरी करून शिवा. दुहेरी करतानाही दोन्ही थर कण्याला समांतर. एक थर आडवा गेला तर तो ताणतो, दुसरा ताणत नाही, आणि पट्टा पिळवटतो.

कड्या, बक्कल, रिव्हेट, टिचबटण किंवा चुंबकाचं बटण घ्या. कडीची आतली रुंदी पट्ट्याएवढीच हवी. लॅपटॉप नेणार असाल तर पट्टा दीड इंचाचा करा, एक इंचाचा खांद्यात रुततो. सामान हातात आल्याशिवाय पट्टा कापू नका, कारण दीड इंची म्हणून मिळालेली कडी पुष्कळदा दोन मिमी कमी भरते.

हत्यारं: रापी किंवा जाड कटर, आरी (मोच्याचा टोकदार टोचा), भोकं पाडायचं चिझेल, गोल पंच, लाकडी हातोडा, गुण्या, मीटरभर लोखंडी पट्टी, बोथट टोकाच्या दोन सुया, मेण लावलेला ०.८ मिमीचा दोरा, सोल्युशन (चामडं चिकटवायचा गोंद). रापीला धार हवी. धार नसेल तर चामडं कापलं जाण्याऐवजी पुढे ढकललं जातं आणि सरळ रेघ वाकडी होते. एक सावधगिरी मात्र नीट पाळा. सालीचं चामडं ओलं असताना त्यावर लोखंड ठेवू नका. कमावताना सालीतून आत गेलेलं टॅनिन लोखंडाशी मिळतं आणि काळानिळा डाग पडतो, तो जात नाही. ओल्या हातांनी पट्टी उचलून चामड्यावर ठेवली तरी पुरतं.

कापायचा दिवस. पहिला तुकडा पट्टा. पुढचा भाग नव्हे, झाकण नव्हे, पट्टा. बाकीचे साचे कातड्यावर मांडून बघा, खुशाल हलवत बसा, पण त्याआधी कण्याच्या कडेची पट्ट्याएवढी पट्टी आखून वेगळी ठेवा. खुणा आरीच्या टोकाने हलक्या करा, बॉलपेनने नाही, ती शाई निघत नाही. पट्टा एका दमात कापा, लोखंडी पट्टी घट्ट दाबून, दोन-तीन हलक्या फेऱ्यांत. कापला की त्याला पाच लिटरचा भरलेला कॅन बांधून रात्रभर टांगा. सकाळी मोजा. पाठीतला पट्टा थोडा वाढेल आणि थांबेल, तेवढं कापून टाका. सकाळनंतरही कॅनच्या ओझ्याने वाढतच असेल किंवा एका बाजूला वळत असेल, तर तो पट्टा पोटाकडचा आहे, त्याचं दुसरं काही करा. भोकं या चाचणीनंतरच पाडायची. आधी पाडली की पुन्हा माझ्यासारखंच होणार. झाकणाची दिशा, खिशाची दिशा याला फारसं महत्त्व नाही, पोटाकडचं चामडं तिथे वापरून टाका.

बॅग बंद करण्याआधी आतलं सगळं बसवायचं: खिसा, चुंबकाचं बटण, कड्यांचे पट्टे (कड्या बॅगेला धरून ठेवणारे छोटे तुकडे), नावाचा ठसा घालायचा असेल तर तोही. एकदा बाजूची पट्टी लागली की हातोडा आत जात नाही. कड्यांचे पट्टे नुसत्या रिव्हेटवर सोडू नका, रिव्हेटसोबत शिवणही घाला.

भोकं मोजा. पुढच्या भागाच्या कडेला जितकी, तितकीच बाजूच्या पट्टीला, एकही इकडेतिकडे नको. चार मिमीच्या अंतराने एका बाजूला सव्वादोनशेच्या आसपास होतात. दोन्ही तुकड्यांचा तळाचा मध्य जुळवून तिथून दोन्हीकडे वर शिवत जा, म्हणजे चुकलंच तर वरच्या टोकाला चुकेल आणि कापून टाकता येईल.

शिवण दोन सुयांची, एकाच दोऱ्याच्या दोन्ही टोकांना एकेक. दोरा शिवणीच्या चौपट. प्रत्येक भोकात आधी तीच सुई, तोच हात. ओढ सारखी. शेवटी दोन-तीन टाके उलटे. पॉलिएस्टरचं टोक लायटरने चिकटतं, सुती किंवा तागाचं चिकटत नाही, ते आत सोल्युशन लावून दाबा.

कडा: तासा, घासा, पाणी लावा, कापडाने गरम होईपर्यंत रगडा. आधी बारीक सँडपेपर, मग कापड.

तेल अगदी थोडं, आधी तुकड्यावर लावून रंग बघा. पावसात भिजली तर सावलीत वाळवा, उन्हात किंवा हीटरपाशी नको. पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत बंद करू नका, बुरशी येते. सुती कापडात गुंडाळा आणि अधूनमधून बाहेर काढा.