नवी पद्धत सुरू करण्याआधीची तयारी

तारीख जाहीर करण्याआधी एक वाक्य लिहून पाहा : सोमवारपासून कोण, काय वेगळं करणार? ‘कार्यक्षमता वाढेल’ हे उत्तर नव्हे. ‘खरेदीची मागणी वहीत न लिहिता संगणकावर भरली जाईल आणि विभागप्रमुख त्याच दिवशी निर्णय देईल’, हे उत्तर. असं वाक्य जमत नसेल तर तारीख पुढे ढकला.

मग आजची स्थिती मोजून ठेवा. मागणीपासून मंजुरीपर्यंत किती दिवस जातात, किती अर्ज परत येतात, याचे निदान ४ आठवड्यांचे आकडे हवेत. पुढे ‘पूर्वीचंच बरं होतं’ हा सूर लागतोच; तेव्हा हेच आकडे दाखवायचे.

सगळा भार एकट्या उत्साही माणसावर टाकू नका. त्याची बदली झाली की पद्धतही गेली. ५ ते ७ जणांचा गट करा. त्यात निम्मे तरी रोज ते काम हातानं करणारे असावेत, आणि उघडपणे शंका काढणारा एक जण हवाच, कारण फॉर्ममधली खोट आधी त्यालाच दिसते. गटात नुसती कामं वाटू नका, निर्णय वाटा. रकाना कोण बदलणार, प्रशिक्षणाची वेळ कोण ठरवणार, गोंधळ झाला तर काम थांबवायचं कोणी? प्रत्येक निर्णयापुढे दोन नावं लिहा, दुसरं पर्यायी. शेवटी सही साहेबांचीच लागणार असेल तर गट नावालाच उरतो.

प्रशिक्षण सुरुवातीच्या आठवडाभर आधी, खऱ्या अर्जांवर. महिनाभर आधी शिकवलेलं विसरलं जातं. पहिले काही आठवडे वेग कमी होणार, हे वरिष्ठांना आधीच सांगून ठेवा.

आता ती जुनी वही. शेवटच्या नोंदीखाली रेघ मारा, तारीख घाला, सही करा आणि वही कपाटात कुलूपबंद करा. टेबलावर राहिली तर ‘नेट नव्हतं म्हणून तेवढं लिहिलं’ असं होत होत नोंदी दोन्हीकडे अर्धवट राहतात. नेट जाणारच, त्यासाठी वेगळा छापील फॉर्म ठेवा आणि तो २४ तासांत संगणकावर चढवायचा नियम करा.

मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांनी १९४७ मध्ये बदलाचे तीन टप्पे मांडले : जुनं सैल करणं, बदल करणं, नवं पक्कं करणं. तिसऱ्यासाठी सहसा कोणी वेळ राखत नाही. ३०, ६० आणि ९० दिवसांनंतरच्या पाहण्या आत्ताच दिनदर्शिकेत टाका. पाहणी म्हणजे ‘कसं चाललंय?’ विचारणं नव्हे, कोणतेही दहा अर्ज उचलून तपासणं. पळवाट सापडली तर माणसाला झापण्याआधी नियम अडचणीचा आहे का ते बघा. वार्षिक मूल्यमापनाचे निकषही बदला, नाहीतर लोक जुन्या निकषांना धरूनच चालतील.

९० दिवसांच्या पाहणीआधी गटप्रमुखानं आठवडाभर रजा घ्यावी, फोन बंद ठेवून. त्या आठवड्यात जे अडून राहील, ते निर्णय अजून वाटायचे आहेत.