आदर्श दिवस आणि खरा दिवस: दोन्ही कागदावर कसे मांडावेत

आपला दिवस कसा जावा आणि तो प्रत्यक्षात कसा जातो, यांची तुलना मनातल्या मनात केली तर हाती काहीच लागत नाही. मनातला आदर्श दिवस बहुधा चोवीस तासांत मावतच नाही, आणि खरा दिवस आपण आपल्या सोयीने लक्षात ठेवलेला असतो. म्हणून दोन्ही वहीत उतरवावेत. त्यातही आदर्श दिवस आधी लिहावा, कारण नोंदी समोर आल्या की माणूस इच्छेलाही कात्री लावू लागतो.

आदर्श दिवस लिहिताना सुट्टीचा नव्हे, तर साधा मंगळवार डोळ्यांपुढे ठेवावा आणि प्रत्येक गोष्टीपुढे मिनिटे लिहून बेरीज करावी. दिवसाची मिनिटे १,४४० असतात. समजा, डोंबिवलीत राहून मुंबईत नोकरी करणाऱ्या एखाद्याने झोपेला ४५०, कार्यालयाला ५४०, घरापासून कार्यालयापर्यंतच्या जाण्यायेण्याला १८० आणि आंघोळ, स्वयंपाक, जेवण व आवराआवरीला १५० मिनिटे धरली, तर उरतात १२०. त्यात त्याला ४५ मिनिटे चालायचे आहे, तासभर वाचायचे आहे, तासभर मुलांचा अभ्यास घ्यायचा आहे आणि अर्धा तास तबल्याचा रियाझही करायचा आहे. बेरीज १,५१५ वर जाते. ही जास्तीची ७५ मिनिटे कागदावरच कमी करावीत, नाहीतर ती गुपचूप झोपेतून वजा होतात आणि दोष मात्र आळसाला दिला जातो.

प्रत्यक्ष दिवस नोंदवण्यासाठी नवी पद्धत शोधण्याची गरज नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर केलेल्या वेळ-वापर सर्वेक्षणात पहाटे ४ ते दुसऱ्या दिवशीच्या पहाटे ४ असा दिवस धरून त्याचे अर्ध्या अर्ध्या तासाचे भाग केले होते. घरीही हीच मांडणी सोयीची ठरते. रात्री बारानंतरचे जागरण त्याच दिवसाच्या खात्यात पडते, आणि भरायच्या चौकटी ४८ च असतात. या चौकटी दिवसातून तीन-चार वेळा भराव्यात. सगळ्या रात्री एकदम भरल्या तर दुपार हमखास गुळगुळीत होते. ‘काम’ असा मोघम शब्द न लिहिता ‘मीटिंग’, ‘ई-मेल’, ‘बिलांची तपासणी’ असे लिहावे. जेवताना मोबाईल पाहिला असेल, तर जेवण मुख्य आणि मोबाईल जोडीचा, अशी नोंद करावी. फोनच्या बाबतीत स्मरणावर विसंबू नये. अँड्रॉइडमधील ‘डिजिटल वेलबीइंग’ किंवा आयफोनमधील ‘स्क्रीन टाइम’मधला आकडा जसाच्या तसा उतरवावा. गणपती, घरचे लग्न किंवा मुलांची परीक्षा असलेला आठवडा टाळावा आणि नोंदीच्या काळात सुधारण्याचा प्रयत्न करू नये.

शक्य असेल तर घरातल्या दोघांनीही वही भरावी. त्याच सर्वेक्षणात बिनमोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत असल्याचे आढळले, तर असे काम करणारे पुरुष ९७. ज्याच्या आदर्श दिवसात ‘सात वाजता नाश्ता’ असे लिहिलेले आहे, त्याने तो नाश्ता कोण बनवते, हेही शेजारी लिहावे.

नोंदीचा आठवडा संपला की कामाच्या पाच दिवसांची सरासरी काढून आदर्श, प्रत्यक्ष आणि फरक असे तीन रकाने करावेत. आकड्यांपेक्षा फरकाचे कारण महत्त्वाचे असते, म्हणून या टप्प्यावर घाई करू नये. काही फरक निव्वळ चुकीच्या अंदाजामुळे पडतात. कामाला लागणारा वेळ कमी धरण्याची ही प्रवृत्ती मानसशास्त्रज्ञ कानमन आणि ट्वर्स्की यांनी १९७९ मध्येच दाखवून दिली होती; पुढे १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांनी प्रबंधाला सुमारे ३४ दिवस लागतील असे सांगितले आणि प्रत्यक्षात सुमारे ५५ लागले. इथे आदर्शातला आकडाच बदलावा. काही फरक वेळ दुसऱ्याच्या हातात असल्यामुळे पडतात. पहाटे पाचला सुरू होणारे काटेकोर वेळापत्रक आखणारे अमेरिकी मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिन यांनीही आत्मचरित्रात कबूल केले आहे की, लोकांना त्यांच्या सोयीच्या वेळी भेटावे लागणाऱ्या माणसाला ते पाळणे कठीण जाते. अशा फरकांसाठी स्वतःला दोष देण्यापेक्षा वरिष्ठांशी किंवा घरच्यांशी बोलणे उपयोगाचे.

तिसरा प्रकार अवघड आहे. वेळ मोकळा होता, तरी ठरवलेली गोष्ट झाली नाही. अशा वेळी ती चौकट दिवसाच्या कोणत्या टोकाला होती, हे पाहावे; रात्री साडेदहाला न झालेले वाचन सकाळी होऊ शकते. सकाळीही झाले नाही, तर ती इच्छा आपली होती की कोणाचे पाहून घेतलेली, हे स्वतःला विचारावे आणि उसनी असेल तर ती ओळ खुशाल खोडावी.

यानंतर एकच फरक निवडून जास्तीत जास्त अर्ध्या तासाचा बदल करावा आणि तो अर्धा तास नेमक्या कोणत्या चौकटीतून येणार, हे लिहून ठेवावे. महिन्याभराने फक्त तीन दिवस पुन्हा नोंद घ्यावी. त्यात झोपेची मिनिटे घटलेली दिसली, तर नवी वेळ लिहून ठेवलेल्या चौकटीतून आलेली नाही असे समजून तो बदल मागे घ्यावा आणि दुसरी चौकट शोधावी.